फोटो न काढलेलं नाक

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एका खुर्चीवर बसून चहाचा कप संपवू न शकणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. पेशाने प्लास्टिक सर्जन, चंद्रपुरात स्वतःचा दवाखाना, वय साठीला टेकलेलं, अंगावर मांस म्हणून नाही. चहाचा पहिला घोट ते खुर्चीत घेतात, दुसरा खिडकीपाशी, तिसरा अंगणात, आणि मग कप कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणून आम्ही सगळे घरभर शोधतो. चुकून बसलेच तर उजवा पाय असा हलवतात की त्याच सोफ्यावर बसलेल्या माणसाचा चहा बशीत सांडावा. "जवाई बसले का मले शिलाई मशीन चालू झाल्यावानी वाटते," असं आमच्या सासूबाई म्हणायच्या, आणि त्या काही गंमत म्हणून म्हणायच्या नाहीत.

बरं, ही चुळबुळ नुसती पायात असती तर चाललं असतं. ती डोक्यातही होती. पन्नाशीला लोक मधुमेहाच्या नाहीतर बुवाबाजीच्या नादी लागतात. साडभाऊ कायद्याच्या नादी लागले. घरबसल्या शिकवणाऱ्या कुठल्याशा विद्यापीठात त्यांनी मानवी हक्कांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात पुस्तकं वाचून काढली, परीक्षा दिली, पासही झाले. तेव्हापासून घटनेतलं एकविसावं कलम आणि हा माणूस यांना कुणी वेगळं करू शकलेलं नाही. माणसाला जगण्याचा हक्क आहे, म्हणजे मानाने जगण्याचा हक्क आहे, म्हणजे त्याच्या अंगावर पहिली मर्जी त्याची, डॉक्टरची नंतर, हे ते पानवाल्यालाही समजावतात. एकदा त्यांच्या बरोबरीच्या एका डॉक्टरांनी हसत विचारलं की बाबा, मानवी हक्क म्हणजे पोलीस, कोठडी, तुरुंग. त्याचा आपल्या धंद्याशी काय संबंध? साडभाऊ ताडकन उठले. (म्हणजे उभेच होते, पण आणखी उठल्यासारखे झाले.) म्हणाले, "अरे, कोठडीत माणूस निदान जागा असते! आपल्या टेबलावर तो झोपलेला असते, आन् चाकू आपल्या हातात असते!"

माझ्या मुलीचे कान टोचायचे होते त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात अजून निघते. सोनार आला, तार तापवून गार केली, पोरीला सासूबाईंनी मांडीवर घेतलं, आणि हे मध्ये येऊन उभे. "तिले विचारलं का?" पोरगी दोन महिन्यांची! सोनार तार हातात धरून माझ्याकडे बघतो, मी बायकोकडे बघतो, बायको आपल्या बहिणीकडे. सासूबाई खवळल्या. "तुमचे कान टोचले तवा तुमाले कोनी विचारलं होतं का जी?" साडभाऊ कळवळून म्हणाले, "नाई ना, माय! तेच तर सांगून राह्यलो." शेवटी ते आपला चहाचा कप शोधायला अंगणात गेले तेवढ्यात आम्ही कार्यक्रम उरकून घेतला. पुढे वर्षभर माझी पोरगी भेटली की ते तिच्या कानाच्या पाळ्या तपासायचे आणि तिची माफी मागायचे.

दवाखान्यातही तीच तऱ्हा. चिमूरकडचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. पाहुणे बघून गेले होते, सगळं पसंत, फक्त नाक जरा बसकं आहे म्हणाले. तेवढं उचलून द्या. साडभाऊंनी बापाला अदबीने बाहेर बसवलं आणि पोरीला विचारलं, "बाई, तुले काय पायजे?" पोरगी आधी रडली आणि मग म्हणाली, मले नाक नाई पायजे, मले तो पोरगाच नाई पायजे. साडभाऊ बाहेर आले आणि बापाला म्हणाले, "नाक एकदम बरोबर हाय, भाऊ. पाहुणे तेवढे बदला." अशी किती गिऱ्हाइकं त्यांनी दारातून परत पाठवली असतील देव जाणे. माझी मेहुणी कपाळाला हात लावून म्हणते, यांच्यासारखे अजून दोन निघाले तर प्लास्टिक सर्जरी बंद पडेल.

ऑपरेशनला जे हो म्हणतील त्यांची सुटका तर आणखीच कठीण. अंगठा उठवला, सही केली, झालं, असं तिथे नाही. आधी साडभाऊ समजावणार, आणि मग पेशंटने ते सगळं आपल्या भाषेत त्यांना उलट समजावून सांगायचं. तोवर टेबलावर घेत नाहीत. समजावायला त्यांना पोळी लागते. कातडी कुठून कापायची, कशी वळवायची, कुठे शिवायची, सगळं पोळीवर. एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी शेजाऱ्याला ओठाचं ऑपरेशन समजावताना त्याच्याच पानातल्या पुरणपोळीचे असे तुकडे केले की तो बिचारा नुसत्या भातावर उठला. दुसरा नेम असा की जे आपण सोसून पाहिलं नाही ते दुसऱ्याला सोसायला सांगायचं नाही. एका पेशंटच्या जबड्याला तारा बांधायच्या होत्या म्हणून यांनी आधी स्वतःचे दात दोरीने बांधून घेतले आणि नळीने पातळ वरण पीत बसले. माझी मेहुणी सांगते, लग्नानंतर घरात एवढी शांतता तिने पहिल्यांदा ऐकली. अजून चार दिवस राहू द्या म्हणून तिने विनंती केली होती.

आता या सगळ्यात मी कसा सापडलो ते सांगतो. चंद्रपूरजवळच्या मूल गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. साडभाऊ दरवर्षी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याकडे मोफत ऑपरेशनांचं शिबिर घेतात. भाजलेले, चिरलेले, अस्वलाने फाडलेले लोक जंगलातल्या गावांतून येतात. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा असे फोटो लागतात, म्हणून मला गाडीसकट धरून नेलं. मी तीस वर्षं 'इकडे बघा, हसा' म्हणून बटण दाबत आलेला माणूस. इथे मात्र एकेका फोटोला परवानगी! हा फोटो कशासाठी, कोण बघणार, कुठे जाणार, नको असेल तर नाही म्हणता येतं, हे सगळं मी सांगायचं, आणि माणूस हो म्हणाला तरच कॅमेरा वर करायचा. पहिल्या वर्षी मी जाम वैतागलो. लग्नात असं विचारत बसलो तर वरात निघून जाईल, असं मी साडभाऊंना सुनावलं. ते म्हणाले, "लग्नातबी विचारत जा." घ्या!

अशाच एका शिबिरात ती बाई आली. चाळिशीची असेल, कुरखेड्याच्याही आत जंगलात तिचं गाव. पदर नाकावरून डोळ्यांपर्यंत घट्ट ओढलेला. मोहफुलं वेचायला पहाटे गेली असताना झाडामागून अस्वल अंगावर आलं होतं, त्याने नाकच नेलं. जखम भरली, जीव वाचला, पण चेहऱ्याच्या मध्ये नुसता खड्डा राहिला. तिची सून सोबत होती, सुनेच्या कडेवर वर्षाची पोरगी. ती पोर आजीकडे बघून हात पुढे करायची आणि पदर जरासा सरकला की किंचाळायची. साडभाऊंनी विचारलं, "बाई, तुले काय पायजे?" ती म्हणाली, "बाजारात लोकं पाह्यतात ते पाहू द्या जी. पन ही माही नातीन माह्याजवळ येत नाई. मले तिले मांडीवर घ्याचं हाय."

साडभाऊंचा पाय हलायचा थांबला, तेवढं मी पाहिलं. मग त्यांनी पोळी मागवली. नाकासाठी सगळ्यात उत्तम कातडी कपाळाची. रंग जुळतो, पोतही जुळतो. ती वरून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. बाईने नीट ऐकलं आणि सगळं बरोबर उलट सांगितलं. साडभाऊ खूश. निशाणीचं पेन काढून त्यांनी तिच्या कपाळावर रेघा आखल्या. तिच्या कपाळाच्या मधोमध गोंदण होतं, उभ्या रेघा आणि ठिपके, हिरवट पडलेलं. आता साडभाऊंच्या चंद्रपूरच्या दवाखान्यात आठवड्याला दोन-चार तरुण येतात ते गोंदण काढून द्या म्हणून. कुणाला नोकरीत अडचण, कुणाचं प्रेम फिसकटलेलं. त्याच सवयीने, अगदी आनंदाची बातमी दिल्यासारखे हे म्हणाले, "आन् बाई, एक फायदा पाह्य. या ऑपरेशनात हे गोंदणबी निघून जाते."

बाईने पदर ओढला. उठली. सुनेला गोंडीत काहीतरी म्हणाली आणि दोघी चालायला लागल्या. साडभाऊ पेन हातात घेऊन मागे. "काऊन जी? काय झालं, बाई?" ती फाटकापाशी थांबली. "माह्या मायनं गोंदवलं होतं हे, मी नानी, एवढीशी होतो तवा. मेल्यावर साऱ्या वस्तू इथीच राह्यतात, हे तेवढं संग येते. हे काहाडलं तर तिकडं माय मले कशी ओळखन?"  बाई गेली, आणि हा माणूस फाटकात उभा. "सारं विचारलं रे मी तिले," मला म्हणाले, "एवढंच नाई विचारलं. कपाळ मले कातडीच दिसलं."

शिबिर संपलं तरी ते चंद्रपूरला परत जाईनात. कुरखेड्याच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात येरझारा घालून त्यांनी माझं डोकं उठवलं. जेवण नाही, बसणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "दुसरा रस्ता हाय. जुना हाय, लय तरासाचा हाय. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी. पण दंड नाकाले चिकटवून ठेवा लागते. तीन आठवडे." मी म्हटलं मग सांगा तिला जाऊन. तर म्हणे, "असं कसं सांगू? आधी पाह्यलं पायजे कसं वाटते ते." आणि त्यांनी मला पट्टे आणायला लावले.

उजवा दंड नाकाला टेकवलेला, कोपर समोर आलेलं, पंजा डोक्यावर, आणि सगळं पट्ट्यांनी गच्च आवळलेलं, अशा अवस्थेत माझे साडभाऊ माझ्या शेजारी गाडीत बसले आणि आम्ही जंगलाच्या रस्त्याला लागलो. तुम्हाला सांगतो, डोक्यावर हात ठेवलेला माणूस गाडीत बसवून फिरणं सोपं नाही. रस्त्यात भेटेल तो विचारतो, कोण गेलं? नाक्यावर पोलिसाने थांबवलं, आत वाकून पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणून मला विचारलं, "यायले काय झालं जी?" मी काही बोलायच्या आत साडभाऊ दंडाआडून गरजले, "काई नाई! सोसून पाहून राह्यलो!" त्याने मला बाजूला बोलावून सांगितलं की भाऊ, असे पेशंट नेता तर दार आतून लॉक करत जा. त्यात नाक खाजलं. त्यांचं. डावा खांदाही पट्ट्यांत अडकलेला, त्या हाताने पोहोचेना, मला गाडी थांबवून खाजवावं लागलं, आणि तेही कुठे ते सांगत सांगत. वर, "पाह्य, हे मी तिले सांगा लागते, खाजते म्हणून," असं म्हणून ते खूश.

गावात शिरलो तर पोरंसोरं गाडीमागे धावत आली. बाई अंगणात होती. हे ध्यान गाडीतून उतरताना तिने पाहिलं आणि पदरात तोंड खुपसून ती हसली. इतकी हसली की सून बाहेर आली. साडभाऊंनी तसेच, डोक्यावर हात घेऊन, उभ्या उभ्या सगळं समजावलं. असं तीन आठवडे राहावं लागेल. बसून झोपावं लागेल. घास दुसऱ्याने भरवायचा. खाजेल, रडू येईल. दंडावर व्रण राहील. आणि नाक कपाळाच्या कातडीसारखं जुळणार नाही, रंगाने जरा वेगळं दिसेल, हे नक्की. गोंदणाला मात्र धक्का लागणार नाही. "नाई म्हनलं तरी चालते, बाई. मी रागावत नाई." तिच्या हातांवरही गोंदण होतं, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, दंडाची आतली बाजू तेवढी कोरी होती. ती तिने स्वतःच उलटून पाहिली, बोटाने चाचपली. मग साडभाऊंभोवती एक फेरी मारून पट्टे बघितले आणि विचारलं, "तुमी जेवले का जी?" "नाई." तिने भात कालवला आणि सुनेला म्हणाली, भरव डॉक्टरले, मले पाहू दे कसं खातात. त्यांनी खाल्लं, निम्मं अंगावर सांडलं. ती म्हणाली, "जमते. मी येतो."

ऑपरेशन चंद्रपूरला झालं. ते तीन आठवडे कसे गेले ते मला विचारू नका. बाईपेक्षा साडभाऊंचेच हाल जास्त. दिवसातून पन्नासदा तिच्या खोलीत. शेवटी तिनेच सांगितलं, "डॉक्टर, तुमी बसा नाईतर जा. मले पाहूनच थकवा येते." सून दवाखान्याजवळच मुक्कामाला होती, त्यामुळे नात रोज यायची. दंडाआड लपलेल्या आजीची तिला गंमत वाटायला लागली होती. पट्टे सुटले, मग आणखी दोन लहान ऑपरेशनं झाली, आणि नाक झालं. मी फोटोग्राफर माणूस, चेहरेच बघत आलो, म्हणून सांगतो, नाक झालं! आजूबाजूच्या कातडीपेक्षा एक छटा उजळ होतं, एवढंच. साडभाऊंना ती छटा झोपू देईना. कपाळाची कातडी असती तर, असं दहा वेळा म्हणायचे आणि अकराव्या वेळी स्वतःच स्वतःला गप्प करायचे.

काही महिन्यांनी आम्ही कुरखेड्याच्या आठवडी बाजारात गेलो. मुद्दाम गेलो. नागपूरला सर्जन लोकांचं संमेलन होतं आणि साडभाऊंना तिथे हे नाक दाखवायचं होतं; त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. ऑपरेशनच्या आधी तिने फोटोला नाही म्हटलं होतं; आता झालंय तर हो म्हणेल, असा त्यांचा होरा. बाई पळसाच्या पानांवर चारोळीचे वाटे लावून बसली होती. पदर खांद्यावर. कपाळावर गोंदण जसंच्या तसं. मांडीवर नात, आणि ती कार्टी एका हाताने आजीचं नाक धरून ओढत होती. सकाळचं तिरपं ऊन दोघींच्या तोंडावर. मी तीस वर्षं धंदा केला, असा उजेड मला एकदाही मिळाला नाही. माझे हात शिवशिवायला लागले.

साडभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळं रीतसर सांगितलं. फोटो कशासाठी, कोण बघणार, डॉक्टरलोक शिकतील, नाव येणार नाही. तिने शांतपणे ऐकलं, नेहमीसारखं सगळं उलट बरोबर सांगून दाखवलं आणि म्हणाली, "नाई जी. नाक तुमी केलं. पन तोंड माहं होय. मी इथी बाजारात बसतो, तेवढ्या लोकायनं पाह्यलं तं पुरे."

साडभाऊंनी हळूच माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या गळ्यात कॅमेरा, त्याला लांबची लेन्स. दहा पावलं मागे सरलो असतो तर तिला कळलंही नसतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्यांचा पाय इतका हलत होता की खालची धूळ उडायला लागली. मला वाटलं, आता म्हणतात, काढ. बोलले ते वेगळंच. "झाकण लाव त्याले." मी लावलं. मग त्यांनी चारोळी घेतली, नातीला नमस्कार केला आणि आम्ही परतीच्या वाटेला लागलो.

नागपूरच्या संमेलनात त्यांची पाळी आली. एकेक चित्र दाखवत गेले आणि शेवटी पडदा काळा. लोकांना वाटलं मशीन बिघडली. एक माणूस वायर तपासायला उठला. साडभाऊ म्हणाले, "बसा. बिघाड नाही. या बाईंनी फोटोला नकार दिला आहे. नाक उत्तम झालं आहे." मागून कुणीतरी विचारलं, पुरावा काय? थोडा हशाही पिकला. हे म्हणाले, "पुरावा कुरखेड्याच्या बाजारात बसते," आणि खाली उतरले. मी शेवटच्या रांगेत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा इतका अभिमानही वाटला की काय करावं ते सुचेना.

हे सगळं लिहू का, हे विचारायला मला त्यांनी मागच्या महिन्यात त्या बाईकडे पाठवलं. ती म्हणाली, लिहा, पन माहं नाव नोको, गावाचं नोको. साडभाऊंनी स्वतःसाठीही तेच सांगितलं आणि मी काय लिहिणार ते माझ्याकडून उलट समजावून घेतलं.

आता त्यांचे हात पूर्वीसारखे स्थिर राहिलेले नाहीत. मोठी ऑपरेशनं त्यांनी आपणहून सोडली. मूलला आले की स्टुडिओत येतात, भिंतीवरच्या नवरा-नवरींचे फोटो बघत फिरतात, चहाचा कप कुठेतरी ठेवून देतात. आणि मग, जसं काही आजच आठवलं, अशा आवाजात म्हणतात, "तू पाह्यलं होतं ना बे त्या दिवशी? सांग बरं, कसं दिसत होतं." मी हातातलं काम ठेवतो. चारोळीचे वाटे, तिरपं ऊन, कपाळावरचे ठिपके, नातीची मूठ, सगळं ओळीने सांगतो. ते खुर्चीत बसतात, डोळे मिटतात. पाय हलत असतो. पोरीने नाक धरून ओढलं, इथपर्यंत मी आलो की तो थांबतो. मग थोड्या वेळाने डोळे न उघडता विचारतात, "रंगाचं काय?" आणि मी दरवेळी सांगतो, उन्हात काही कळत नव्हतं जी.